हात लोंबत उभी असलेली बाई

दिग्रसच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि माय खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर नेहमीची टोपली होती. तीत टाक्या, हातोडी आणि फडक्यात बांधलेली भाकर. ती एवढंच म्हणाली, "घाव घालताना डोये मिटत जाय. कपची उडते." रड नाही, उपदेश नाही. गाडी निघाली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ती रस्त्याकडे तोंड करून उभीच होती.

ती उभी असलेली माय मी जयपूरला बरोबर घेऊन गेलो. टोपली मात्र तिथंच, आठवणीच्या बाहेर राहिली. ते मला फार उशिरा कळलं.

बाबा खदानीवर दगड फोडायचे. माय गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला नुसता घसरतो. मग माय अंगणात बसून त्याच्यावर बारीक बारीक घाव घालायची, टिंबाशेजारी टिंब, आणि मधोमध एक मासा काढायची. कुणी सांगितलेला नसायचा तो मासा, त्याचे वेगळे पैसेही नसायचे. वर्षभरात मिरच्या-लसूण त्याला पुसून टाकायचे. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटे. माय म्हणायची, "मासा झिजला म्हणजे समज, घर जेवून राह्यलं."

जयपूरला मूर्तीच्या कारखान्यात मी आपल्याकडच्या काळ्या दगडाचा हात घेऊन गेलो होतो. संगमरवरावर तसाच सरळ घाव घातला. तेव्हा काही दिसलं नाही. पॉलिश झाल्यावर कृष्णाच्या गालावर पांढरे वळ उमटले. उस्ताद म्हणाले, "अरे भाई, सड़क बना रहा है क्या?" सगळा कारखाना हसला. पण त्याच उस्तादांनी माझा हात धरून टाकी तिरपी धरायला शिकवलं, आणि त्यांच्या घरची दाल-बाटी खाऊन मी मोठा झालो. पुढं स्वतःचा छोटा कारखाना झाला. बायको तिकडचीच मिळाली. मुलं मला पापा म्हणतात आणि माझ्या मराठीला हसतात.

दिवसभर ऑर्डरचे देव करायचे. स्वतःसाठी मात्र मी एकच मूर्ती करत आलो. रस्त्याकडे पाहत उभी असलेली, हात दोन्ही बाजूंना सोडलेली बाई. कधी लाल दगडात, कधी उरलेल्या संगमरवरात. तिच्या लुगड्याला मी पॉलिश करत नसे. त्यावर मायच्या पाट्याची टिंबं घालायचो. लोकांना ते लुगडं आवडलं, आणि त्यानंच माझं थोडंफार नाव झालं. प्रदर्शनात माणसं तिच्यासमोर थांबत, म्हणत, गावाकडची आई आठवली. मी मान खाली घालून ऐकायचो. कारण दिवाळीला गावी गेलो नाही की मी एक बाई घडवायला घ्यायचो. बाबांच्या आजारपणात आठच दिवस राहून परतलो, तेव्हाही घेतली. सुट्टी काढण्यापेक्षा दगड काढणं सोपं होतं. गाव सोडलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

बाबा गेल्यावर मी मायला कायमचं जयपूरला आणायचं ठरवलं. ती आली, बायकोनं दिलेल्या खोलीत राहिली, आणि तिच्या येण्यानं माझ्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. एक दिवस ती कारखान्यात आली. देवांच्या गालांवरून बोट फिरवत म्हणाली, "साबणावानी हाय हा दगड." मग त्या बाईसमोर थांबली.

"हे कोण रे, गजू?"

"तूच हाय, माय."

"नाक तं माह्यावानीच केलं." तिनं मूर्तीभोवती एक फेरी मारली. "पण हिचे हात असे लोंबते काहून? हिले काही कामधंदा नाही का?"

"वाट पाहून राह्यली," मी म्हणालो. "माही."

माय पदर तोंडाला लावून हसली. "मी कवा वाट पाहत राह्यलो रे? तुयी गाडी गेली अन् मी टोपली घेऊन आर्णीच्या गाडीत बसलो, पाट्याले टाकी लावाले. ऐन लग्नसराई होती. आठवण तं येतच होती तुयी. पण हात चालू असताना येत होती."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. इतकी वर्षं जपलेला अपराध कुणी हसण्यावारी नेला की लुटल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी मूर्तीच्या डोक्यावर टोपली कशी बसवता येईल ते पाहत बसलो. पण दगडात कमी करता येतं, वाढवता येत नाही. टोपलीपुरता दगडच मी शिल्लक ठेवला नव्हता. नवा घ्यावा लागला. टोपली घेऊन चालणारी बाई घडवणं अवघड असतं. तिचा तोल अजून मला साधलेला नाही. पण सकाळी कारखान्यात जायचा इतका हुरूप मला कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

इकडं मायनं माझ्याच टाक्या उचलून गल्लीत दुकान मांडलं. शेजारणी पाटे घेऊन येऊ लागल्या, "माताजी, हमारी सिल भी कर दो." जयपूरच्या चटण्या मायच्या माशावर वाटल्या जाऊ लागल्या. मला वाटलं, रमली. आणि होळीनंतर ती म्हणाली, "आता मले नेऊन दे."

"काय कमी हाय इथं?"

"काहीच नाही. सून चांगली हाय. पण तिकडं माही गिऱ्हाईकं खोळंबली. घरोघरी मिक्सर आला तरी लग्नाची हयद पाट्यावरच वाटतेत."

"तू तिकडं एकटी राह्यशीन तं मले झोप नाही येनार."

"मंग नको झोपू. मी काय करू?"

मी तिला घेऊन निघालो. तिच्या टोपलीत आता माझ्या टाक्या होत्या. यवतमाळहून दिग्रसची एसटी धरली. दिग्रसच्या अलीकडे एका फाट्यावर ती टोपली घेऊन उठली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट दिग्रसचं हाय ना?"

"हाव. पण पाटा इथचा हाय." मग मला म्हणाली, "तू हो पुढं. कुलूप उघड, भात टाकून ठेव. येतो मी सांजेलोक."

मी घरी आलो. झाडझूड केली, पाणी भरलं, भात टाकला. मग दारात बसलो. रस्त्यावरून गाडी गेली की उठून पाहायचो. घर म्हणजे आपली कुणी वाट पाहत असतं ती जागा, असं मी आजवर समजत होतो, आणि त्या समजुतीपायी स्वतःला गुन्हेगार ठरवत होतो. त्या संध्याकाळी माय कामावर होती आणि वाट मी पाहत होतो. मन हलकं होतं. माझ्या जाण्यानं हे घर थांबलं नाही, ते चालत राहिलं, आणि तरीही त्यानं मला भात शिजवायला आत घेतलं. याहून जास्त घर मला नको.

दिवेलागणीला ती आली. टोपली उतरवण्याआधी विचारलं, "मीठ टाकलं का भातात?"

मी विसरलो होतो. तिनं वरून मीठ घेतलं आणि आम्ही जेवायला बसलो.