उत्तर न दिलेली एकतीस विधानं

हायलिया शहरातल्या एका दवाखान्यात मिर्ता वाल्देस्पीनो अकरा वर्षं मालिश करत होती. विमा कंपनीचं पाकीट आलं की न फोडता डॉक्टरांच्या ट्रेमध्ये टाकायचं, हा तिथला शिरस्ता. कंपनीनं अपघातग्रस्तांच्या खोट्या बिलांवरून फसवणुकीचा दावा ठोकून डॉक्टरांबरोबर तिलाही गोवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "माझा वकील बघून घेईल." म्हणून तिच्या स्वतःच्या नावाचं पाकीट आलं, तेव्हाही हात सवयीनं ट्रेकडेच गेला.

वकील फक्त डॉक्टरांचा होता. पाकीट तिथंच पडून राहिलं.

आता तिची स्वतःची वकीलबाई ग्रिसेल तिच्या स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यातली कॉफी निवून गेली होती.

"त्या पाकिटात कंपनीची एकतीस विधानं होती, मिर्ताबाई. प्रत्येकापुढं मान्य की अमान्य, एवढंच लिहायचं होतं. तीस दिवसांत उत्तर गेलं नाही, म्हणजे सगळी मान्य."

"अगं, पण मी वाचलंच नाही!"

"कायदा ते विचारत नाही."

मिर्तानं चष्मा लावला. न आलेल्या रुग्णांची हजेरी तिनं लावली म्हणे. अपघात ठरवून घडवले, हे तिला ठाऊक होतं म्हणे. "आईशप्पथ, खोटं आहे हे! माझं मालिशचं लायसन्स जाईल गं. लेकीचं, यानेलिसचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष आहे. या हातांशिवाय मला काय येतं?"

"मान्यता मागं घेऊ द्या, असा अर्ज करू. पण सोबत खरी उत्तरं द्यावी लागतील. सगळ्यांची."

मिर्ताचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं. रुग्णांकडून पुढच्या दिवसांच्या कोऱ्या हजेरीवर आगाऊ सह्या घेतल्या.



"एउसेबिओची सही घेतली होती," ती हळूच म्हणाली. "छपराच्या कामावरून यायचा बिचारा. रोज सहीच्या रांगेत उभं राहवायचं नाही त्याला. पण आला तो. रोज आला!"

ग्रिसेलनं डोळे मिटले. "एवढं एक धरून ते बाकीची तीसही खरी ठरवतील. आणि एउसेबिओला साक्षीला ओढतील."

"मग अमान्य लिहू?"

"शपथेवर विचारतील तेव्हा काय सांगाल? मी सांगितलं म्हणून लिहू नका."

मिर्तानं पेन उचललं. तीस ठिकाणी अमान्य लिहिलं. सतरावं तिनं शेवटी ठेवलं. मग तिनं लिहिलं, मान्य.

दुपारी दोनला एउसेबिओ कंबर दाखवायला घरी यायचा होता. तिनं त्याला फोन लावला. "आज नको येऊस."

"बरं. मग उद्या येऊ का?"

मिर्तानं सतराव्या ओळीकडं पाहत फोन ठेवून दिला.