शिवलेला खिसा

शिरड शहापूरचा आमचा तरुण शिंपी माप घेताना प्रत्येक आकडा दोनदा पुटपुटायचा. गेल्या वर्षी तो मध्येच थांबून रिकाम्या दाराकडे बघत "व्हय, ऐकून राहिलो," म्हणू लागला. माझ्या नव्या शर्टाचा खिसा तर त्यानं वरून शिवूनच टाकला.

"सर, लोक खिशात चिठ्ठ्या टाकून राहिले. तुमचा तरी बंद केला."

मी हसलो. घरी ब्लेडनं टाके उसवले आणि शाळेत तो किस्सा रंगवून सांगितला.

परवा तो शिंपी आणि त्याची आई, या मायलेकांसोबत हिंगोलीला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनिया दिसतो. कधीपासून आहे हे?"

"पंधरा दिस झाले, जेवतच न्हाई," आई म्हणाली.

वर्ष झालं, हे माझ्या तोंडातून निघेना. अंगात तोच शर्ट होता. खिशावर टाक्यांची भोकं अजून दिसत होती.