खदानीकडून आलेली पावलं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. गेली कित्येक वर्षं मी नर्सांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. जिन्यात पांढरं काही दिसलं म्हणून एखादी मुलगी धापा टाकत आली, की मी आधी तिला थर्मामीटर लावते आणि मग विचारते, "जेवली होतीस का?" बहुतेक भुतं तिथेच संपतात. तुमच्या सदरातले अनुभव आम्ही चहाच्या वेळी मोठ्याने वाचतो, आणि हसण्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसले तर जरा पंचाईतच होते आहे. पण घडलं ते भर दिवसा घडलं, आणि मी एकटी नव्हते.

गोष्ट ग्वाल्हेरची, संस्थान होतं तेव्हाची, महायुद्ध सुरू होण्याआधीची. मी पंधरा वर्षांची. आम्ही शहराच्या लष्कर नावाच्या भागात नया बाजारला राहत होतो आणि मी मुलींच्या शाळेत जात होते. त्या वर्षी दामलेबाई नावाच्या नव्या शिक्षिका पुण्याहून आल्या. सायन्स शिकवायच्या. मुलींना रानात राहता आलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात होतं... दोन काड्यांत चूल पेटवणं, सूर्यावरून दिशा ओळखणं, फांद्यांचा निवारा, दोरीच्या गाठी. हिवाळ्यात चार दिवसांचं जंगल-शिबिर ठरलं, तेव्हा लष्करातल्या अर्ध्या मराठी घरांत भांडणं झाली. "मुली रानात जाऊन काय करणार, शिकार?" असं माझ्या काकांनी विचारलं. वडील म्हणाले, "जाऊ दे. परत आली की पाटावरून उठून स्वतःचं पाणी तरी घेईल." मी गेले.

आम्ही बाराजणी होतो. सगळ्यात लहान वत्सला, दहा वर्षांची, शेजारच्या घरातली. तिची आई पाठवायला तयार नव्हती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काकू, मी आहे ना! जशी नेते तशी हाताला धरून आणून देते." काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस म्हणून सोडते हं, सुमन." हे वाक्य ध्यानात ठेवा. मला तर ते ठेवावंच लागलं.

तिघऱ्याच्या तलावापलीकडे टेकड्या आहेत. खैर, धावडा, पळस, आणि मधे लांबच लांब उघडे दगड, फरशी अंथरल्यासारखे. तिथे एका नाल्याकाठी आमचे तंबू. जंगलखात्याचा म्हातारा चौकीदार लाखनबाबा सोबतीला. पहिले दोन दिवस काय मजा आली म्हणून सांगू! पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावल्या, अर्धवट भाजलेल्या बाट्या खाल्ल्या, मंजूने धूर काढण्यात सगळ्यांना हरवलं. हो, धूरच. आग नंतर बाईंनी पेटवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी माग काढण्याचा खेळ होता. एक टोळी पुढे जाऊन वाटेवर खुणा करणार, दुसरी अर्ध्या तासाने त्या खुणांवरून शोधत येणार. शेवटी रानातल्या एका पडक्या छत्रीपाशी, म्हणजे जुन्या समाधीवरच्या घुमटीपाशी, गूळ-शेंगदाणे ठेवलेले. खुणा करण्याचं काम मंजूकडे आणि माझ्याकडे; चौघी मुक्कामाला स्वयंपाकावर. बाईंनी खडू दिला होता, तो दगडावर उमटेना. माझ्याकडे टोपी बाजारातून आणलेली रांगोळीची डबी होती. म्हटलं, पाऊल काढू. गौरीला काढतो तसं. बोटं जिकडे, तिकडे जायचं. कोणालाही कळेल. बाई खूश झाल्या. मीही स्वतःवर फार खूश झाले.

मी पुढे होऊन वाट शोधत होते आणि मंजू मागून चिमटीने पावलं काढत येत होती. छत्रीपाशी पोचलो, बसलो. तासभर झाला तरी कोणी येईना.

"गूळ आपणच खाऊन टाकू या का?" मंजूने विचारलं.

"गप. चल, मागे जाऊन बघू."

वाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे दुसऱ्या टोळीतल्या पाचजणी उभ्या. दोघी रडत होत्या. टोळी सहाजणींची होती.

"वत्सला कुठाय?"

"ती पुढे भागली! मी पहिली, मी पहिली करत. आम्ही उजवीकडे गेलो, पण पुढे एक निशाण नाही... मग आम्ही पलटलो. ती नाही आली."

"पण उजवीकडे गेलात कशाला? आम्ही डावीकडे गेलो!"

"निशाण बघ ना तुझं!"

मी पाहिलं. डाव्या फाट्यावर पाऊल होतं खरं, पण बोटं उलटी, मागे वळलेली. डावीकडून कोणी येऊन उजव्या फाट्यावर चाललं आहे, असाच कोणीही अर्थ लावला असता.

"मंजे, बोटं कुठे काढलीस ही?"

"कुठे म्हणजे? घराकडे." मंजू मलाच वेड्यात काढल्यासारखी बघत होती. "मुक्काम मागे आहे ना आपला? गौर घरात येते. बाहेर जाताना कधी काढतात का पावलं? मला आईने मारलं असतं."

माझ्यासमोर पहिली पावलं तिने बरोबर काढली होती. मी पुढे गेले, तिचं लक्ष हातावर राहिलं नाही आणि हाताने वर्षानुवर्षांची सवय चालवली. तिला रागवायलाही वेळ नव्हता. चार वाजून गेले होते, साडेपाचला सूर्य बुडणार. लाखनबाबाने आदल्याच दिवशी नाल्याच्या रेतीत बिबट्याचे पंजे दाखवले होते. आणि माझ्या कानात एकच वाक्य, "तू म्हणतेस म्हणून सोडते हं, सुमन."

"तुम्ही पाचजणी सरळ मुक्कामाला जा, बाई आणि लाखनबाबाला घेऊन या. वाटेत कोणी कोणाचा हात सोडायचा नाही. दोऱ्या काढा, आमच्याकडे द्या." आम्हा प्रत्येकीच्या कमरेला एक दोरी असायची. त्या घेतल्या, परकर खोचले आणि मंजू न् मी उजव्या फाट्याने पळत सुटलो.

वाट दहा मिनिटांत संपली. समोर नुसता दगड. ऐसपैस, लालसर, चारी बाजूंना झाडी. पायाचे ठसे नाहीत, मोडलेलं गवत नाही, काही नाही. "वत्सलाऽऽ" करून आम्ही घसे फोडून घेतले. शिटी वाजवली. उत्तर नाही. वारा पडलेला. मंजू म्हणाली, "सुमे, आता किधर?" ती घाबरली की हिंदीत शिरायची.

मला काही सुचत नव्हतं. कुठल्याही बाजूला गेलं तरी उरलेल्या तीन बाजू चुकणार होत्या. आणि तेवढ्यात मंजूने माझा हात पकडला.

"हे तू काढलंस?"

आमच्यापासून पाच हातांवर, दगडावर, पावलांची जोडी. पांढरीशुभ्र.

मी तिथे आधी कधी आले नव्हते. मंजू आली नव्हती. डबी माझ्या ओच्यात बांधलेली होती. मी खाली बसून बोट लावलं. बोट ओलं झालं! रांगोळी नव्हती ती. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, मूठ आवळून करंगळीच्या बाजूने ठसा उठवतात ना, तशी काढलेली पावलं होती. वर पाच-पाच ठिपके. हात बसलेला, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. बोटं आमच्याकडे.

दहा-बारा पावलांवर आणखी एक जोडी. त्यापलीकडे आणखी एक. सगळ्यांची बोटं आमच्याच दिशेने.

"बोटं इकडे आहेत. म्हणजे मागे जायचं," मंजू म्हणाली. "तूच नियम केलास ना? बोटं जिकडे, तिकडे."

खरं सांगते, तासाभरापूर्वी असती तर मी मागे वळले असते. नियम माझाच होता. पण नुकतंच मंजूने मला शहाणं केलं होतं.

"नाही. ज्याने कोणी काढलीत, त्याने तुझ्यासारखी काढलीत. घराकडे येताना. म्हणजे आलंय कोणीतरी तिकडून."

"कोण आलंय?"

"ते मग बघू. पळ!"

मी तेव्हा भ्यायले का? अजिबात नाही. भीती वाटायला सवड लागते. मला उलट इतका जोर चढला होता की पायात काटा मोडला ते मुक्कामाला गेल्यावर कळलं. एक जोडी ओलांडली की नजर पुढची शोधायची, आणि ती असायचीच! एकदा झाडीतून वाट काढावी लागली, वाटलं आता संपलं, तर पलीकडच्या दगडावर पुन्हा पांढरं. मंजू मागून मोठ्याने मोजत होती. पळता पळताही आम्ही दोघी पावलं चुकवून बाजूने पळत होतो, हे मला नंतर आठवलं. तसं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. गौरीच्या पावलांवर कोण पाय देतं?

"तेईस!" मंजू ओरडली आणि मी जागीच थांबले. पुढचं पाऊल टाकलं असतं तर आत गेले असते. करवंदीसारख्या काटेरी जाळीने झाकलेला खड्डा. दगडाची जुनी, सोडून दिलेली खदान. तेविसावी जोडी अगदी काठावर होती, टाचा खड्ड्याकडे करून.

जाळी हाताने दाबली. खाली दीड पुरुष खोल, धुळीने माखलेली वत्सला बसली होती. घोटा सुजलेला. वर बघून तिने तोंड उघडलं, तर नुसती हवा. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता.

"रडू नकोस, आले!" मी म्हटलं. ती रडत नव्हतीच. मंजूच रडत होती.

सात दोऱ्या. बाईंनी घोटून घेतलेल्या गाठींनी एकमेकींना जोडल्या, धावड्याच्या खोडाला एक टोक बांधलं आणि मी उतरले. वत्सलेच्या काखेखालून दोर घेऊन न सरकणारी गाठ मारली. खालून मी ढकलते आहे, वरून मंजू ओढते आहे, आणि पोर काही वर जाईना. तेवढ्यात आमच्या हाकांच्या रोखाने आलेल्या लाखनबाबाचा आवाज वरून आला, "हट जा बिटिया, हमें दे." आणि वत्सला उडाल्यासारखी वर गेली. मी बाहेर आले तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. दामलेबाई वत्सलेला कुशीत घेऊन बसल्या होत्या आणि मला म्हणत होत्या, "गाठ उत्तम मारलीस." एवढंच. बाई तशाच होत्या.

मग मी पावलं दाखवली. लाखनबाबा वाकून वाकून बघत राहिला. "यहाँ चौक कौन पूरेगा, बहनजी? तीन कोस में गाँव नहीं।" चौक पूरना म्हणजे तिकडे रांगोळी काढणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं होती तिथेच होती, वाळलेली. बाईंनी रीतसर चौकशी केली. एका जोडीचं माप पट्टीने घेतलं, मग आम्हा बाराजणींना पाटीवर मूठ उठवायला लावली. स्वतःचीही उठवली. एकीचंही माप जुळेना. आमच्या मुठी लहान, बाईंची जास्तच लांबट. शिबिरात तांदूळ नव्हताच. आम्ही कणीक, डाळ आणि बाजरीवर होतो. लाखनबाबा तीन कोसांपलीकडच्या वस्तीवर जाऊन आला. कोणी बाई तिकडे फिरकली नव्हती, आणि तांदूळ त्यांच्याकडे सणालासुद्धा नसतो, म्हणाले. मी घरी आल्यावर तांदळाचं पीठ कालवून गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठसा उठवून पाहिला. अर्ध्या तासाच्या आत कडकडीत वाळला. म्हणजे आम्ही त्या दगडावर उभ्या राहून ओरडत होतो, तेव्हा किंवा त्याच्या जरासं आधी, कोणीतरी तिथे बसून तेवीस जोड्या काढल्या. आम्हाला दिसलं नाही, वत्सलेलाही नाही. तिला मी तेव्हाच विचारलं होतं, वर कोणी आलं होतं का? तिने मान हलवली, नाही. पावलांचा आवाज? नाही. बांगड्यांचा? नाही.

बाईंनी वहीत सगळं लिहून ठेवलं आणि खाली लिहिलं, "कारण समजले नाही." सायन्सच्या बाईंनी हे लिहिलं, याचं मला त्या वयातही फार अप्रूप वाटलं. मीही आज तेच लिहिते. इतक्या वर्षांत मी सगळे तर्क करून पाहिले: वाट चुकलेली कोणी जोगतीण, कोणाची थट्टा, आमच्याच डोळ्यांची चूक. एकही शेवटपर्यंत टिकत नाही. कोणा वाचकाला टिकणारा सुचला, तर जरूर कळवा. मी वाद घालीन, पण ऐकून घेईन.

शिबिराहून परतलो तेव्हा वत्सलेला टांग्यातून उतरवून मी तिच्या दारात नेलं. ती लंगडत होती, म्हणून हाताला धरूनच. काकूंनी आधी तिचा पाय पाहिला, मग माझ्या खरचटलेल्या कोपरांकडे पाहिलं, आणि दोघींना आत घेतलं. पिठलं-भात वाढला. वत्सला तीन वेळा भात मागून जेवली. मला मात्र पहिला घास बराच वेळ उचलवेना. पानातल्या त्या पांढऱ्या भाताकडे मी नुसती बघत बसले होते.

"काय झालं गं?" काकू म्हणाल्या. "जेव की."

मग जेवले.