इजिप्तला जाताना खसखस नेऊ नका

आम्ही जव्हारहून इजिप्तला जाऊन आलो, तेव्हापासून गावात कुणाचं तिकडचं तिकीट निघालं की तो आधी माझ्याकडे येतो. "बाई, ऊन फार असतं म्हणे. काय काळजी घ्यायची?" मी टोपी, पाणी, सुती कपडे सांगायला बसते आणि थोड्या वेळाने बघते तर टोपी राहिली बाजूला, किस्सेच चाललेत! प्रवासाची बॅग रिकामी होते, किस्से मात्र संपत नाहीत.

आम्ही चौघं. मी शाळेतून रिटायर झालेली. सुमनताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. विजूशेठचं कापडाचं दुकान. आणि मूळचे वावर गावचे यशवंतमामा, एसटीचे ड्रायव्हर होते, आता जव्हारलाच असतात. सकाळी फिरायला जाणारा आमचा ग्रुप.

पहिला धडा खसखशीचा.

वाटेत आखातात एक मुक्काम होता. सुमनताईंनी डबाभर अनारसे घेतलेले. कस्टमवाल्याने डबा उघडला, एक अनारसा उजेडात धरला आणि त्याचा चेहराच बदलला. टूर मॅनेजर कुजबुजला, "अहो, खसखस म्हणजे अफूचं बी! इथे जेल होते!"

ताईंना आतल्या खोलीत नेलं. आम्ही बाहेर उभे. विजूशेठ मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, ओठ तेवढे हलत होते.

शेवटी ताई बाहेर आल्या, डब्याशिवाय. पांढऱ्याफटक.

"सोडलं?"

"सोडलं. साहेबाने विचारलं, घरी हे कोण खातं? म्हटलं, सगळेच! लहान पोरंसुद्धा!"

टूर मॅनेजर मटकन खाली बसला.

*

पूल, पोलीस, लष्कराची गाडी, यांचे फोटो काढायचे नाहीत. हे कैरोत आमचा गाइड महमूद पहिल्याच दिवशी हिंदीत सांगून मोकळा झाला होता. मुंबईत शिकलेला मुलगा. विजूशेठनी तरी पुलावर सेल्फी काढला, मागे बंदूकवाला शिपाई!

शिपायाने मोबाइल काढून घेतला. महमूद हात जोडून काहीतरी सांगतोय, शिपाई ऐकत नाही. तो एकेक फोटो सरकवू लागला. आणि विजूशेठच्या मोबाइलमध्ये काय असणार? साड्या! दुकानातला सगळा स्टॉक!

त्याने दुसऱ्या शिपायाला बोलावलं. दोघं स्क्रीनवर वाकले. एका फोटोवर बोट ठेवून त्याने विजूशेठना जोरात काहीतरी विचारलं. विजूशेठनी दोन्ही कान पकडले.

महमूद म्हणाला, "पूछ रहा है, इसमें हरा रंग मिलेगा?"

*

तिसरा किस्सा माझाच. बाथरूम कुठे मिळेल या धास्तीने मी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. बायकांनो, हे करू नका! लक्सरच्या देवळात, त्या मोठ्या खांबांच्या मधे, घाम यायचाच थांबला. कानात शिट्टी वाजली आणि मी कोसळले.

सुमनताई ओरडत होत्या, "पाणी! पाणी!" महमूद नेमका पुढे गेलेला, माणसं नुसती बघत राहिली. मग मामांनी एसटी स्टँडवरचा आवाज काढला, "दवा! हकीम!" त्याबरोबर चारही बाजूंनी माणसं धावली. सावलीत नेलं, बर्फ आणला, डॉक्टर आला. ताईंनी चमच्याचमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजलं.

रात्री विजूशेठ म्हणाले, "मामा, तुम्हाला अरबी येतं?"

"नाय जी. हिंदीच बोललो. ठाण्याला शिकलो."

*

आणि परतीच्या वाटेवर मामाच हरवले.

उसाच्या शेतांमधे बसचं टायर फुटलं. "लांब जाऊ नका," महमूदने बजावलं. टायर बदलून झालं, मोजणी झाली, मामा नाहीत! फोन सीटवर. भर दुपार, डोक्यावर आग, चिटपाखरू नाही. आम्ही हाका मारत कालव्यापर्यंत गेलो. काठावर मामांच्या चपला होत्या. नुसत्या चपला.

सुमनताई पाण्याकडे बघतच राहिल्या. महमूद शर्ट काढायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर मामांचे दोन मुलगे आले. त्यांना काय सांगायचं?

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी खोकलं. पूल ओलांडून धावलो. खजुराच्या झाडाखाली मामा अनवाणी बसलेले, शेजारी एक म्हातारा शेतकरी. मधे भाकरी, कांदा. म्हाताऱ्याचे डोळे ओले.

मी चिडून म्हणाले, "मामा, जीव गेला होता आमचा! काय चाललंय?"

"पाय धुवाया उतरलो, यानं बोलावला. याचा पोऱ्या परदेशी कामाला गेलाय. लय वर्सां आला नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यानं सांगला ना."

महमूदने अरबीत विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली. खरं होतं. मग तो मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून महमूदशी बराच वेळ बोलत राहिला. महमूद आमच्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"ये बोल रहा है, इनकी एक बेटी थी. छोटी थी. बारिश के दिनों में, इनकी गोद में गई. बोल रहा है, इनको अकेला मत छोड़ना."

इतकी वर्षं रोज बरोबर फिरून आम्हा तिघांना हे माहीत नव्हतं. आम्ही मामांकडे पाहिलं. ते खाली बघून उरलेली भाकरी फडक्यात नीट बांधत होते.