गोळ्या वाढल्या

मुलीनं माझ्या गळ्यात बटण अडकवलं त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नाही. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, चंबळच्या खोऱ्यात तंबूत राहिलो, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गाईसारखी गळ्यात घंटा. ती समजावत होती की बटण दाबलं की पलीकडे माणूस बोलतो, दिवस असो की रात्र. मी मुद्दाम वर्तमानपत्र वाचत होतो, तेही कालचं.

ती बंगळूरला असते. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ग्वाल्हेरला नया बाजारच्या मागच्या गल्लीतल्या घरात मी एकटा राहतो आणि मजेत राहतो. पोळ्या मला येतात, वरण तर तिच्या आईपेक्षा बरं येतं, हे ती हयात असताना म्हणायची माझी छाती नव्हती. पण मुलीच्या जिवाला घोर. शेवटी आमचा करार झाला. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी एक संस्था आहे, तिचं बटण मी गळ्यात घालायचं. रोज सकाळी आठला त्यांचा फोन येणार, औषधं, किराणा, डॉक्टरकडे नेणं-आणणं, सांगू ते करणार. दाराची एक किल्ली त्यांच्याकडे राहणार. अशा रीतीनं दिवाळीपर्यंत मी नीट राहून दाखवायचं. पडलो, किंवा डोक्यानं दगा दिला असं दिसलं, तर मुकाट्यानं बंगळूरला जायचं आणि या घराला कुलूप. मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच कुठे होता?

आठच्या फोनवर एक मुलगी असे, मुरेनाकडची, हिंदी बोलणारी. मला बाबूजी म्हणे. झोप झाली का, नाश्ता झाला का, गोळी घेतली का, काही हवंय का, हे चार प्रश्न ठरलेले. पहिला आठवडा मी ‘हूं’ आणि ‘हां’ एवढंच बोललो. दुसऱ्या आठवड्यापासून पावणेआठलाच फोनपाशी बसू लागलो. हे मुलीला सांगितलं नाही, उगाच तिला चढायला नको.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बायकोला ‘संपलं’ हा शब्द खपत नसे. तांदूळ संपले म्हणायचं नाही, तांदूळ वाढले म्हणायचं. मीठ वाढलं, तेल वाढलं, कुंकू वाढलं. बांगडी फुटली तरी वाढलीच. घरातली वस्तू संपली म्हटलं की खरंच संपते, असं तिचं म्हणणं. मी आयुष्यभर चेष्टा केली, आणि ती गेल्यावर तोच शब्द माझ्या तोंडात घट्ट बसला. म्हातारपणी औषधांचा नंबरही मीठ-तांदळांत लागला.

बीपीच्या गोळ्यांची डबी रिकामी झाली तेव्हा मी आठच्या फोनवर आमच्या ग्वाल्हेरी मराठी माणसांच्या हिंदीत सांगितलं, "बेटा, गोलियाँ बढ़ गई हैं."

तिनं नोंद करून घेतल्याचं सांगितलं. दोन दिवस गोळ्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला, म्हटलं, अब तो बिलकुल बढ़ गईं. तिनं घाबरत विचारलं, मग तुम्ही किती घेतल्या? मी म्हटलं, एकही नाही, घेऊ कुठून, वाढल्यात ना. तिनं पुन्हा नोंद करून घेतली. मला वाटलं, बरी खरडपट्टी निघाली.

औषधाचं दुकान आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. मी स्वतः जाऊन आणू शकलो असतो. पण काम त्यांचं, ते त्यांनीच करायला हवं, असा माझा हट्ट. या हट्टापायी तिची आई मला जन्मभर बोलली.

चौथ्या दिवशी सकाळी चहा टाकताना डोळ्यांपुढे ओटा फिरला आणि मी जमिनीवर होतो. गॅस चालू, चहा उतू जातोय, आणि मला कुशीवर वळता येईना. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. बटण दाबलं. पहिल्यांदाच दाबलं. एका माणसाचा आवाज आला, त्यानं मला बोलतं ठेवलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत एक नर्सबाई त्यांच्या किल्लीनं दार उघडून आत आल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग मला हात दिला. बीपी भलतंच चढलेलं होतं. एक रात्र दवाखान्यात काढून मी घरी आलो, तर मुलगी दारात उभी. माझं तिकीट काढूनच आली होती.

पडलो हे एक झालं. पण तिच्या हातात संस्थेचा कागद होता, आणि त्यात लिहिलं होतं की बाबूजी गोंधळल्यासारखे वाटतात, डबी रिकामी असताना गोळ्या वाढल्या म्हणतात. मी म्हटलं, बरोबरच आहे, वाढल्याच होत्या.  ती माझे कपडे बॅगेत भरू लागली. मी ओरडलो, स्वेटर काढून परत कपाटात कोंबला. त्यानं मी आणखीच वेडा दिसलो असणार.

दुपारी संस्थेच्या मोठ्या बाई आल्या. आमचं कुठे चुकलं ते बघायचंय, म्हणाल्या, आणि फोनवरचं बोलणं मोबाइलवर लावलं. खोलीत माझाच आवाज आला. "बेटा, गोलियाँ बढ़ गई हैं."

मुलगी सदरा घडी करत होती, तिचा हात थांबला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. आणि ती बॅगेशेजारी पलंगावर बसली.

"आईचा शब्द," ती म्हणाली. "बाबा, चार ओळी वाचून मी तुम्हाला वेडं ठरवलं. आणि हा शब्द मला येत होता."

मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला. रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिनंच बाईंना हिंदीत सगळं समजावलं, बांगडीपासून गोळीपर्यंत. बाई आधी हसल्या, मग त्यांनी कागद मागून घेतला आणि ती ओळ खोडली.

पडलो हे खरंच होतं, करार मी हरलो होतो. मी तसं म्हटलंही. त्यावर मुलगी म्हणाली की तुम्ही शब्दामुळे पडलात, आणि बटण दाबायची अक्कल शाबूत होती. तिकीट तिनं रद्द केलं. जाताना एवढंच बजावलं की निदान औषधांपुरतं तरी ‘ख़त्म’ म्हणा. मी म्हटलं, बघू. म्हणणार नव्हतो, हे तिलाही कळलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला. झोप, नाश्ता, गोळी, सगळं विचारून झालं. चौथा प्रश्न विचारताना मुरेनाची मुलगी जराशी अडखळली.

"बाबूजी, घर में कुछ बढ़ा तो नहीं?"

सहा वर्षांत या घरात तो शब्द दुसऱ्या कुणी वापरलेला मी ऐकला नव्हता.  ती पलीकडे ‘बाबूजी, बाबूजी’ करत राहिली. मी उठून फळीवरची बरणी पाहून आलो.

"हाँ बेटा," मी म्हटलं, "नमक बढ़ गया है."

जेवायच्या आधी मीठ आलं.