नंबरबाई आणि डॉक्टरांची गाडी

प्रयोगशाळेत तिला सगळे नंबरबाई म्हणायचे, कारण पेट्रोलला नंबर देणं हेच तिचं काम. सव्वीस वर्षं ती एकाच इंजिनापाशी उभी होती. एका सिलिंडरचं, छातीएवढ्या उंचीचं ते इंजिन जागच्या जागी धडधडायचं. त्यात नमुन्याचं पेट्रोल घालायचं आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा. चांगलं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत धीर धरतं. हलकं पेट्रोल दाब वाढला की मधेच पेट घेतं, आणि इंजिन आतून हातोडी मारल्यासारखं ठोकू लागतं. कोण किती दाब सोसतं, त्यावरून ऑक्टेनचा नंबर. काटा तो दाखवायचाच. पण काटा हलायच्या आत नंबरबाईच्या कपाळाला आठी पडते, असं बरोबरचे लोक सांगत.

तिचा नवरा बस डेपोत फिटर होता. छातीतलं दुखणं त्यानं तिला वर्षभर कळू दिलं नाही. तिच्या डोक्याला ताप नको म्हणून. तो गेला तेव्हा तिला रडू आलं त्याहून जास्त राग आला, आणि तो काढायला समोर माणूस उरला नव्हता.

एका मंगळवारी दातांचे एक डॉक्टर बाटली घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली, पण चालणं ताठ. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी दोनच माणसं बसतील अशी वेगवान गाडी घेतली होती. तरुणपणापासूनची हौस.

"गाडी ओढत नाही हो बाई," ते म्हणाले. "पहिले दोन महिने वाऱ्यासारखी पळायची. आता पाय दाबला तरी ढिम्म. पंपवाला सत्त्याण्णव नंबर सांगून भलतंच काहीतरी गळ्यात मारतोय. तक्रार करणार आहे मी. हे टाकीतलं पेट्रोल."

"पंपावरचंही आणा. एका बाजूचं ऐकून मी नंबर देत नाही."

दुसऱ्या दिवशी तेही आलं. पंपावरचं पेट्रोल चोख सत्त्याण्णव निघालं. गाडीतलं एक्क्याण्णवलाच ठोकू लागलं. नंबरबाईनं बाटल्या धुऊन पुन्हा तपासलं, तेच.

अहवाल न्यायला डॉक्टरांची मुलगी आली. पेट्रोल दर शनिवारी तीच भरून आणते, हे डॉक्टर कौतुकानं सांगून गेले होते. आकडे पाहताच तिचा चेहरा पडला.

"ताई, हा दुसरा आकडा नाही का गाळता येणार?"

नंबरबाईनं इंजिन बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं.

"साधं पेट्रोल तुम्ही भरता?"

मुलीनं मान हलवली. "आई गेल्यापासून बाबा कुणाचं ऐकत नाहीत. डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि गाडी अशी. कुणीतरी म्हणालं, साधं पेट्रोल घातलं की जोर कमी होतो. म्हटलं, तेवढाच माझ्या जिवाला आधार."

"जोर कमी होतो, खरंय. ठोका लागला की ही गाडी स्वतःला आवरते. पण भर उन्हात, चढावर, वेगात किती आवरणार? इंजिनाला इजा झाली आणि मागून ट्रक येत असला तर? असल्या पेट्रोलनं गाडी शहाणी होत नाही, आजारी पडते."

मुलगी स्टुलावर बसली. "त्यांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत."

"नाही बघितलं तर नाही. चार दिवस रागावू देत. रागवायला समोर तुम्ही आहात ना." नंबरबाईनं अहवाल तिच्यापुढे सरकवला. "आकडा मी बदलणार नाही. त्या पंपावर एक माणूस विनाकारण गोत्यात येईल. पण गाडीत ते कसं आलं, हे मी लिहिणार नाही. ते सांगणं तुमचं काम."

मुलगी स्टुलावरून उठली. मग अहवालाची घडी घालून निघून गेली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. तिनं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. डॉक्टर नऊ दिवस एक शब्द बोलले नाहीत. ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवायचे. दहाव्या दिवशी पंपावर गेले आणि नमुना घेताना ज्याला फैलावर घेतलं होतं त्या माणसाची माफी मागून आले. परत आल्यावर मुलीला म्हणाले, "डोळे दाखवायला जायचंय. येतेस का?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची मुलीनं आणि शेजारी बसायचं डॉक्टरांनी, असं ठरलं.

"आता पेट्रोल कुठलं?" नंबरबाईनं विचारलं.

"सत्त्याण्णव. बाबा स्वतः पंपाजवळ उभे राहून बघतात."

"मग ओढते का गाडी?"

"मला तर भीती वाटते इतकी ओढते. बाबा म्हणतात, तू चालवतेस तेव्हा अजिबात नाही."