व्याह्यांकडे पाठ नको

कोऱ्हाळ्याहून बारामतीला निघालो त्या सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, उसाला पाणी देत होते. हातातलं खोरं त्यांनी ठेवलं नाही. "आवाज भाड्यानं देऊन पोट भरतं व्हय?" एवढंच विचारलं. मी बाजाराला निघालेल्या भाजीच्या गाडीत बसलो.

बारामतीच्या पेठेत लाउडस्पीकरच्या दुकानात काम शिकलो. तेव्हा गावोगावी वीज नव्हती. मोटारीच्या बॅटरीवर अॅम्प्लिफायर चालवायचा आणि कर्ण्याचं तोंड माइककडे येऊ द्यायचं नाही. कर्ण्यातला आवाज माइकात परत शिरला की शिट्टी सुटते. इंदापूर, भवानीनगर, जिथं लग्न तिथं मी. मुहूर्त सगळ्यांचे एकच, त्यामुळे भावकीतल्या एकाही लग्नात पाहुणा म्हणून बसलो नाही.

धाकट्या बहिणीच्या, सोनाच्या लग्नात सेट माझाच, हा हट्ट मीच धरला. तात्यांना दाखवायचं होतं. सोनानं मात्र बजावलेलं, "दादा, नवऱ्याचा कान तूच पिळायचा. चांगला लाल कर."

मी कर्णा गावाकडे तोंड करून मांडवाच्या कडेला बांधला. चुलते आबा तरातरा आले. "व्याह्यांकडं पाठ केलीस व्हय रं? पावणं काय म्हंतील?" शिट्टीचं सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "फिरव." मी फिरवला.

पहिल्याच मंगलाष्टकेला शिट्टी सुटली. भटजी थांबले. वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं, "नवरीच्या आधी कर्णाच रडाया लागला." मांडव हसला. बंद करू का, असं मी खुणेनं विचारलं. तात्यांनी डोळे वटारले. मग बटणावर बोटं ठेवून बसलो. भटजींचा आवाज चढला की कमी करायचं, उतरला की वाढवायचं. होमाचे मंत्रही माइकवरच. कानपिळीला हाक आली तेव्हा उठलो असतो, तर सोनाच्या लग्नाचं पुन्हा हसू झालं असतं. चुलतभावानं कान पिळला. सोना मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला अजून खाते.

आता पुण्यात माझं दुकान आहे. गावात राहिलेले तुम्ही म्हणता, याचं बरं झालं. घरातल्या प्रत्येक कार्याला सोना आवर्जून बोलावते आणि लगेच म्हणते, "सेट आण." मी नेतो. तो न नेता त्या घरात गेलो, तर कुठं बसायचं हे मला ठाऊक नाही.